नाला, अरुंद रस्ता आणि ५८ रो हाऊस: वाढत्या उपनगरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे महानगराच्या कडेच्या एका गावातलं आहे. गाव, सोसायटी, विकसक यांची नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तेव्हा सोसायटीच्या व्यवस्थापन समितीत होतो. म्हणजे मी एका बाजूचा माणूस आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

आमची सोसायटी तीन इमारतींची, अकरा मजली, २६४ फ्लॅट. आम्ही राहायला आलो तेव्हा समोर ज्वारीचं शेत होतं, मागे टेकडी आणि टेकडीवरून उतरून शेताच्या कडेने जाणारा नाला. मुख्य रस्त्यापासून सोसायटीपर्यंत येणारी वाट म्हणजे मुळातली पाणंद. कागदावर ती १२ मीटर रुंद, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सहा. सकाळी साडेसातला शाळेची बस आत शिरली की समोरून येणारा पाण्याचा टँकर मागे घ्यावा लागतो. गावात ग्रामपंचायतीचं नळाचं पाणी आहे, पण ते जुन्या गावठाणालाच जेमतेम पुरतं. आम्ही बोअर आणि टँकरवर जगतो.

२०२२ च्या हिवाळ्यात एके सकाळी शेतात चुन्याच्या रेषा दिसल्या. मोजणीवाले येऊन गेले होते. आठवड्याभरात एका दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र टाकलं: सहा एकरांवर ५८ रो हाऊस, प्रत्येकाला पुढे हिरवळ, मागे अंगण. त्या चित्रात नाला कुठेच नव्हता.

लोकांचं म्हणणं काय होतं

पहिली सभा क्लबहाऊसमध्ये झाली. दीडशेच्या वर माणसं आली. एरवी वार्षिक सभेची गणसंख्या पुरी करताना आमची दमछाक होते, त्यावरून राग किती होता ते कळावं. लोक एकामागून एक बोलत गेले आणि सेक्रेटरी लिहीत गेले. शेवटी २३ आक्षेपांची यादी झाली.

आज ती यादी वाचली की तिच्यात तीन वेगळ्या जातींची बोलणी एकत्र झालेली दिसतात. काही खरोखर जिवाशी येणारी होती: नाला दाबला तर पावसाचं पाणी आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये येईल, रस्त्यावर अग्निशमनाची गाडी वळणार नाही, बोअरचं पाणी खाली जाईल. काही त्रासाची, पण तात्पुरती: धूळ, आवाज, डंपर. आणि काही अशी, की मोकळेपणाने कोणी म्हणत नव्हतं पण सगळ्यांच्या मनात होती. समोरचं शेत जाणार, टेकडी झाकली जाणार, घराचा भाव पडणार.

बांधकामावरच्या मजुरांची वस्ती सोसायटीशेजारी नको, "सुरक्षेचा प्रश्न आहे", हाही एक मुद्दा होता. मी त्याला विरोध केला आणि आजही करेन. आमच्या तीन इमारती ज्या हातांनी उभ्या राहिल्या ते लोकही इथेच पत्र्याच्या खोल्यांत राहिले होते. त्यांच्यासाठी संडास आणि पाणी नीट असावं, ही मागणी रास्त होती. ते नजरेआड असावेत, ही नव्हती. त्या दिवशी मात्र तो मुद्दा यादीत राहिला.

१९० सह्यांचं निवेदन बांधकामाची परवानगी देणाऱ्या नियोजन प्राधिकरणाकडे गेलं. महिन्याने उत्तर आलं: "आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे."

कायद्यात आपली जागा कुठे होती

इथे आमचा मोठा गैरसमज होता. आम्हाला वाटत होतं की शेजारी बांधकाम होणार असेल तर शेजाऱ्यांची सुनावणी होत असेल. महाराष्ट्रात तशी पद्धत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकासाची परवानगी हा अर्जदार आणि प्राधिकरण यांच्यातला विषय आहे. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. कलम ४७ खाली अपील करायचा अधिकारही अर्जदारालाच. शेजाऱ्याचा उल्लेख नाही. लोकांना हरकती-सूचना देता येतात त्या प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा मसुदा, प्रसिद्ध होतो तेव्हा, कलम २६ खाली, ३० दिवसांत. आमच्या भागाचा आराखडा आला तेव्हा त्याची पीडीएफ सोसायटीच्या ग्रुपवर फिरली होती. नकाशाचा तो तुकडा मोठा करून आपल्या सोसायटीसमोर काय रंगवलंय, हे आमच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं. शेत निवासी विभागात गेलं ते तेव्हाच.

पर्यावरण परवानगीची वाटही बंद होती. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल तर ती लागते. रो हाऊसचं एकूण बांधकाम त्याच्या निम्म्याच्या आसपास होतं.

उरली ग्रामसभा. तिथे जायचं ठरलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. आमच्या २६४ घरांपैकी बहुतेकांची नावं अजून कोथरूड, पिंपरी, सोलापूर, नागपूर अशी जिथून आले तिथल्याच यादीत. गावात राहायचं, गावाच्या रस्त्यावरून जायचं, आणि गावाच्या सभेत मात्र मत नाही, अशी आमची अवस्था होती आणि ती आम्हीच ओढवून घेतली होती.

कोणते पर्याय होते

एक गट म्हणत होता, सरळ उच्च न्यायालयात जाऊ. वकिलांनी फाइल पाहून विचारलं, "परवानगीत बेकायदेशीर काय आहे ते दाखवा." आमच्याकडे दाखवायला तेव्हा काहीच नव्हतं, राग सोडून. नाल्यापुरता विषय राष्ट्रीय हरित लवादात नेता आला असता, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. पण तिथेही पुरावा लागतो आणि सहा महिन्यांची मुदत पाळावी लागते.

दुसरा गट राजकीय मार्गाचा. फलक लावू, रस्ता अडवू, पुढाऱ्याला बोलावू. पुढाऱ्याने सहानुभूती दाखवली आणि जाता जाता विचारलं, "मतदार किती आहेत सोसायटीत?"

तिसरा पर्याय विकसकाशी थेट बोलण्याचा. तो बोलूनही दाखवायची सोय नव्हती, "तुम्ही विकले गेलात का" असं कोणीतरी विचारलंच असतं.

या सगळ्यात एका सभासद ताईंनी मांडलेला हिशेब निर्णायक ठरला. माणशी दिवसाला १३५ लिटर आणि घरटी पाच माणसं धरली तर ५८ रो हाऊसना रोज साधारण ३९ हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. त्याच मापाने आमच्या सोसायटीला लागतं १ लाख ७८ हजार लिटर. मग त्यांनी विचारलं, "रो हाऊस अडवले तर तिथे शेतच राहील, असं आपण का धरतोय?" डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मूळ एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१० आहे. सहा एकर म्हणजे सुमारे २४ हजार चौरस मीटर. सुविधा क्षेत्राचे (सार्वजनिक सोयींसाठी सोडायच्या जागेचे) पाच टक्के वजा केले तरी नुसत्या मूळ एफएसआयवर २५ हजार चौरस मीटर बांधता येतं. प्रीमियम (जादा शुल्क भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (दुसरीकडे सोडलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेतला तर आणखी. रो हाऊसमध्ये विकसक त्यातलं निम्मंही वापरत नव्हता. आमच्या समोर शेत किंवा रो हाऊस अशी निवड नव्हतीच. रो हाऊस किंवा टॉवर, अशी होती.

सभागृहात शांतता पसरली. काहींना हे पटलं, काहींना ती माघार वाटली. चार जणांनी समितीचा राजीनामा दिला. पण "प्रकल्प नको" ही मागणी तिथे मागे पडली आणि "प्रकल्प कसा हवा" हे बोलणं सुरू झालं. माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय.

काय केलं

२३ मुद्दे कापून तीन ठेवले: नाला, रस्ता, पाणी.

नाल्याचं काम आमच्याच इमारतीतल्या एका काकांनी अंगावर घेतलं. जलसंपदा खात्यातून निवृत्त, वय ७१. एका रविवारी सकाळी सहाला ते तीस मीटरची टेप, काठी आणि नातवाची शाळेची वही घेऊन नाल्यात उतरले. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. रस्त्याखालून पाणी पलीकडे जायला एकच ह्यूम पाइप, ९०० मिलिमीटरचा, आणि तोही एक तृतीयांश गाळाने भरलेला. तोंडाशी थर्माकोल, नारळ, एक फाटकी गादी. काकांनी काठी आत घालून गाळाची खोली मोजली, वहीत आकडा लिहिला आणि वर आमच्या इमारतींकडे बघून म्हणाले, "ही गादी टेकडीवरून नाही आली."

मग त्यांनी गणित मांडलं. टेकडीचं पाणलोट क्षेत्र साधारण ४० हेक्टर. तासाला ६० मिलिमीटरचा पाऊस आणि त्यातलं अर्धं पाणी वाहून येतं असं धरलं तर सेकंदाला सुमारे ३,३०० लिटर पाणी या तोंडाशी येणार. पाइप अगदी स्वच्छ असला तरी त्यातून सेकंदाला जेमतेम १,२५० लिटर जाईल. उरलेलं कुठे जाणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. आमच्या पार्किंगचा उतार तिकडेच होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात भिंती पाडल्या, माणसं नेली, ती रात्र सगळ्यांना आठवत होती. काकांची ती वही सोसायटीच्या ग्रुपवर गेली आणि पहिल्यांदाच भांडण न होता सगळ्यांनी काहीतरी वाचलं.

दुसरीकडे भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढली, आणि माहिती अधिकारात दहा रुपये भरून रो हाऊसच्या मंजुरीसाठी दिलेला नकाशा मागवला. दोन्ही शेजारी ठेवले. विकसकाच्या नकाशात नाला तीन मीटरचा. गावनकाशात सात ते आठ मीटर. वर्षानुवर्षं बांध सरकत गेले होते, नाला आक्रसला होता. नियमावलीत नाल्याच्या कडेपासून अंतर सोडायचं बंधन आहेच. पण कड कोणती धरायची, आजची की नकाशातली, यावर सहा घरांचं भवितव्य होतं.

माहिती अधिकाराच्या त्याच पाकिटातून दुसरा कागद निघाला, तो आम्हाला नको होता. आमच्या सोसायटीच्या मूळ मंजुरीचा नकाशा. त्यानुसार आमचं प्रवेशद्वार, सुरक्षारक्षकाची केबिन आणि पुढची हिरवळ ही तीन मीटरची पट्टी रस्तारुंदीसाठी सोडलेली होती. रस्ता अरुंद असल्याची तक्रार आम्ही करत होतो आणि त्या रस्त्यावर आम्हीच बसलो होतो.

समितीत त्या रात्री बाराच्या पुढे वाद चालला. कागद दाबून ठेवा, समोरच्याच्या हातात का द्यायचं, असं म्हणणारे कमी नव्हते, आणि मी खोटं बोलणार नाही, पहिले दोन तास मीही त्यांच्यातच होतो. काकांनी एकच विचारलं, "उद्या त्यांनी हाच कागद काढला तर माझ्या वहीवर कोण विश्वास ठेवेल?" ठरलं की निवेदनातच हे लिहायचं: केबिन आणि कुंपण सोसायटी स्वखर्चाने मागे घेईल.

यानंतरचं निवेदन दोन पानांचं होतं. नकाशाची नक्कल, गणित, आठ फोटो आणि आमची कबुली. पंधरा दिवसांत प्राधिकरणाचे अभियंते जागेवर आले. पहिल्या पत्राला मिळालेल्या एका ओळीच्या उत्तराशी तुलना केली की मला अजूनही वाटतं, ऐकलं गेलं ते गणित आणि कबुली एकत्र गेल्यामुळे.

गावाचं म्हणणं

हा भाग वेगळा लिहावासा वाटतो, कारण तो आम्ही सगळ्यात उशिरा ऐकला.

जागा पाहायला अभियंते आले तेव्हा गावातले सात-आठ जण येऊन उभे राहिले. त्यांत ज्यांच्या कुटुंबाचं ते शेत, ते आण्णाही होते. त्यांनी विकसन करारनामा केला होता. दोन मुलींची लग्नं आणि भावकीची वाटणी त्या पैशांवर अडली होती. चार महिने आम्ही त्यांच्या जमिनीबद्दल सभा घेत होतो आणि त्यांच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. आण्णा म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगा झाल्या तवा आमच्या हिरीचं पाणी गेलं. आमी कुटं अर्ज केला?"

उत्तर नव्हतं. आमच्या अध्यक्षांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलंच आमचं, आण्णा."

मग आण्णा नाल्याच्या कडेने चालत गेले आणि एका जुन्या बाभळीपाशी थांबले. बुंध्यावर गुडघ्याच्या वर हात ठेवून म्हणाले, "हितवर याचं पानी. दर साल न्हाई, पन याचं." ती बाभूळ विकसकाच्या नकाशात एका घराच्या बैठकीच्या खोलीत येत होती. अभियंत्यांनी तिथे फोटो काढला आणि काकांनी वहीत खूण केली. आम्ही चार महिने कागदावर शोधत होतो ती पुराची रेषा आण्णांना पाठ होती.

निष्पत्ती

विकसकाशी बोलणी मग सरळ झाली. त्याला कर्जाचं व्याज दिसत होतं, कोर्टकज्जा नको होता. नाल्याची कड गावनकाशाप्रमाणे धरून सुधारित नकाशा आला: ५८ ऐवजी ५२ घरं. नियमाप्रमाणे सोडायची दहा टक्के मोकळी जागा आधी चार तुकड्यांत विखुरलेली होती, ती नाल्याच्या बाजूला एकसंध आली. ह्यूम पाइपच्या जागी दोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच काँक्रीटची मोरी, आणि ती जोत्याच्या कामाआधी पूर्ण करायची, ही अट परवानगीच्या कागदावर लेखी आली. आम्ही केबिन आणि कुंपण मागे घेतलं. हिरवळ गेली, त्यावर काही सभासद आजही नाराज आहेत.

पाण्याचा मुद्दा सुटला नाही. पर्जन्यजल संधारण नियमात आहे म्हणून झालं, पण नव्या प्रकल्पाने तीन बोअर घेतले आणि पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या दोनपैकी एक आटला. ते त्यांच्याचमुळे, असं सिद्ध करणं आमच्या आवाक्यातलं नाही. आण्णांची विहीर आटली होती तेव्हा त्यांच्याही आवाक्यात नव्हतं.

डंपर सकाळी सात ते नऊ आणि दुपारी शाळा सुटताना येणार नाहीत, हे विकसकाने सभेत सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. दोन महिने पाळलं गेलं. मग ठेकेदार बदलला आणि नव्या माणसाला या कबुलीचा पत्ताच नव्हता.

आज करायचं झालं तर

आण्णांकडे पहिल्या आठवड्यात जाईन. वकिलाच्या आधी, निवेदनाच्या आधी. बाभळीची खूण पहिल्याच महिन्यात हाती असती तर मूळ नकाशाच कदाचित वेगळा झाला असता, आणि गावात "सोसायटीवाले" हा शब्द ज्या सुरात उच्चारला जाऊ लागला तोही.

डंपरची वेळ परवानगीच्या अटींत घालून घ्यायला हवी होती. मोरीची अट लेखी होती म्हणून टिकली. तोंडी कबुलीवर आम्ही विसंबलो, कारण त्या दिवशी वातावरण चांगलं होतं आणि कागद पुढे करणं अविश्वासाचं वाटलं.

माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही फार उशिरा केला, तो चुन्याच्या रेषा दिसल्या त्याच दिवशी करता आला असता. उत्तराला ३० दिवस लागतात. विकासाच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर कायदा परवानगी मिळाल्याचं मानतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की घाई कशासाठी ते कळतं. सुदैवाने अर्जातल्या त्रुटींमुळे त्या फाइलला उशीर झाला होता.

आणि पाण्यासाठी दोन सोसायट्यांनी मिळून गावठाणासह एकत्र योजना मागायला हवी होती. आम्ही पाण्याकडे फक्त "त्यांनी आमचं नेऊ नये" एवढ्याच नजरेने पाहिलं. म्हणून त्या मुद्द्यावर हाती काही लागलं नाही. आता ५२ घरांपैकी निम्म्यांत लोक राहायला आलेत आणि त्यांच्या समितीबरोबर पहिली बैठक गेल्या महिन्यात झाली. सोसायटीतल्या ११८ जणांनी मतदार नोंदणीचे अर्जही भरले आहेत.

काकांनी मोरीच्या भिंतीवर तांबड्या रंगाने अर्ध्या अर्ध्या फुटांच्या रेघा ओढल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात पाणी पाचव्या रेघेपर्यंत चढलं, पार्किंग कोरडं राहिलं. रस्ता आता बहुतेक ठिकाणी नऊ मीटर आहे. वळणावरच्या एका शेतकऱ्याला रुंदीकरणाचा मोबदला रोख हवा आहे आणि प्राधिकरण टीडीआर देऊ करतंय, त्यामुळे तिथे अजून सहाच मीटर आहे. सकाळी साडेसातला शाळेची बस त्या वळणावर थांबते आणि टँकर मागे जातो.